न्वे नीचे हात

१७ मे, शुक्रवार

मिळाली! किती वर्षं मोठ्या सरांच्या मागे लागले होते — बर्मी मुलांना मागच्या पत्र्याच्या खोलीतून काढा, आमच्या थाई मुलांच्या शेजारी बसवा. शेवटी एक मुलगी दिली. न्वे नी. गालांवर पिवळा लेप, आई कोळंबी सोलायला जाते. सर म्हणाले, "गुरुपूजेपर्यंत बघू. रुळली तर बाकीची पाठवतो. नाहीतर खोली आहेच."

आणि पहिल्याच दिवशी काय? सगळी तिसरी मला हात जोडून उभी, ही बया छातीवर हाताची घडी घालून! भांडायला आलेल्या शेजारणीसारखी. मोठ्या माणसापुढे असं उभं राहतात? "हात खाली," म्हटलं. लगेच घेतले.

२१ मे

पुन्हा घडी. "हात खाली!"

३० मे

शेजारी बसणाऱ्या पिमशी गट्टी जमली. ही तिची तळलेली मासळी खाते, पिम हिचा भात. सगळ्यांशी जमतं, फक्त माझ्याशी नाही! मी समोर गेले की घडी. आज सरांनी खिडकीतून पाहिलं. "तुमची लाडकी भलतीच तोऱ्यात असते, क्रू लमाई."

घरी येऊन रडू आलं. वेडेपणाच! अख्खा वर्ग रोज हात जोडतो आणि माझा जीव अडकलाय या एकीच्या हातांत. एकदाच जोड गं, पोरी. मला 'क्रू' म्हण, आपली बाई म्हण. सरांसाठी नको — माझ्यासाठी.

१३ जून, गुरुवार

गुरुपूजा. मुलं गुडघ्यांवर सरकत येऊन पुढ्यात फुलं ठेवत होती. न्वे नीने वांग्याची फुलं आणलेली — खाली झुकणारी, आमच्यात नम्रतेची खूण; पिमनेच शिकवलं असणार. फुलं ठेवली आणि हात निघाले छातीकडे, घडी घालायला. सर शेजारीच! मी डोळ्यांनीच म्हटलं — नको. ती थांबली. पिमकडे बघितलं. आणि हात जोडले!

सर खूश. "सोमवारपासून सगळी पाठवतो." वाटेत मी चक्क गुणगुणत होते.

१४ जून

तिची आई भेटायला आली. अंगाला कोळंबीचा वास. दारातच मान खाली घातली आणि छातीवर हाताची घडी. तश्शीच!

"आई तुम्हाला मान देते, क्रू," न्वे नी म्हणाली. "आमच्यात बाईंपुढे असंच उभं राहतात."

"मग इतके दिवस सांगायचं नाही होय गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, हात खाली."

ज्याची आस लावून बसले, ते रोज मिळत होतं. मी मान वर केली. न्वे नी आईशेजारी हात जोडून उभी होती.