पांढऱ्या मनोऱ्याची खिडकी

नॉम पेन, ६ मार्च १९९४

चि. पोलिन यास अ. उ. आ.

हे पत्र लिहायला मला एका बाईने भाग पाडलं. गेले नऊ दिवस ती माझ्याकडे राहते आहे आणि आपणच तुमची हरवलेली धाकटी बहीण मालिस असू, असं तिला वाटतं. मला वाटत नाही. पण मी एकटीने नाही म्हणावं आणि उद्या ते चुकीचं निघावं, हे मला नको. म्हणून तुझं मत हवं.

हरवलेल्यांसाठी मी दरवर्षी रेडिओवर निवेदन देते, ते तिने बात्तांबांगला ऐकलं. मालिस, वय सहा. एप्रिल पंचाहत्तरमध्ये सैनिकांनी शहर रिकामं करायला लावलं त्या दिवशी पुलावरच्या गर्दीत थोरल्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या, हातातून हात सुटला. ही पंचविशीची आहे. भाताच्या गिरणीवाल्या एका म्हातारीने तिला वाढवलं, ती आता वारली. स्वतःचं पहिलं नाव हिला आठवत नाही. पूल आठवतो म्हणते, पण पूल तर निवेदनातच होता. याआधी दोघी येऊन गेल्या, तुला माहीत आहे. दुसरी जाताना आईची कानातली घेऊन गेली.

ही काहीच मागत नाही. तिला एक पांढरा मनोरा बघायचा आहे. तो दिसला की शहर ओळखू येईल म्हणते. सायकलरिक्षावाल्या सारूनने तिला टेकडीवरचा पगोडा, बाजाराचा घुमट, राजवाड्याची छपरं, स्मारक, सगळं फिरवून दाखवलं. दर ठिकाणी तिची मान आडवी. शेवटी तो वैतागून म्हणाला की बाई, होतं तेवढं शहर संपलं, आता तुमच्यासाठी मनोरा बांधायचाच राहिला.

मी तिला कागद दिला आणि आठवेल तसं शहर काढायला लावलं. चित्र सोबत पाठवते. टेकडी राजवाड्याला चिकटलेली, घुमट नदीच्या पाण्यात, आणि मधोमध एका खिडकीचा मनोरा. असा मनोरा इथे कधीच नव्हता. भूगोल शिकवण्यात माझे केस पिकले, एवढं मला कळतं. त्या मनोऱ्यात मी राहत होते, असं ती शांतपणे सांगते.

एप्रिलमधल्या आपल्या नव्या वर्षापर्यंत ठेवून घेईन. त्यानंतर हो किंवा नाही.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर टाक.

तुझी थोरली बोंग,
चान्थौ

लियाँ, १६ मार्च १९९४

ती. बोंगला सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. घरी आलेल्या पाहुणीला पहिल्या आठवड्यात नकाशा काढायला लावणारी बहीण जगात एकच. तू तिला नापास केलं असणार, आणि या वेळी मी तुझ्या बाजूने आहे. त्र्याहत्तरला मी निघालो तेव्हा आपल्या गच्चीवरून अर्धं शहर दिसायचं. मनोरा नव्हता. बाईंनी पोस्टकार्डं पाहिली असतील आणि ती डोक्यात एकमेकांवर पडली असतील.

वाईट वाटतं, एवढंच. मालिस माझ्यासाठी अजून चार वर्षांचीच आहे. मी निघालो त्या सकाळी ती बाबांच्या स्टुडिओत कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली लपली होती आणि निरोप द्यायला बाहेर यायला तयार नव्हती.

एक विचारायचं होतं. चित्र टेबलावर होतं, तुझी भावजय ओडिल कॉफी ओतता ओतता थांबली आणि म्हणाली की यातली सगळी माणसं पाठमोरी का आहेत. मी पाहिलंच नव्हतं. मोजली, अकरा आहेत. चेहरा एकाचाही नाही. तुझ्या लक्षात आलं होतं का?

गुडघ्याची काळजी घे. मुलं आत्याला नमस्कार सांगतात, आणि आंबवलेल्या माशांच्या प्रहोकची बरणी पाठव म्हणतात. वास आला की शेजारी तक्रार करतात, ते निस्तरणं माझ्याकडे.

तुझाच,
पोलिन

नॉम पेन, २५ मार्च १९९४

चि. पोलिन यास अ. उ. आ.

माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी जागा तपासल्या, माणसं नाही. पत्र आलं त्याच दुपारी तिला विचारलं.

ती म्हणाली की त्या शहरात माणसं पाठमोरीच असतात. ठेवणीतले कपडे घालून येतात, ओळीने उभी राहतात आणि हलायचं थांबतात. श्वाससुद्धा घेत नाहीत. मग एकदम पांढरा उजेड होतो आणि ती निघून जातात. गेलेली परत येत नाहीत, दुसरी येतात. मी विचारलं की कुणीच मागे वळून पाहत नसे का. तर म्हणाली की तशी मनाई होती. आणि तिलाही हलायची मनाई होती.

मी उठून दिवा लावला. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

शेजारच्या आजींनी हे ऐकलं आणि त्या म्हणाल्या की पोर जिवंतांचं शहर सांगत नाहीये, भिक्खूंना बोलवा. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण पंचाहत्तरनंतरची ती कत्तलीची चार वर्षं मी याच देशात काढली आहेत. ओळीने उभी केलेली आणि परत न आलेली माणसं मला कुणी चित्रात दाखवायला नकोत.

आणखी एक. मी चुलीपाशी असले की पाठीवर नजर जाणवते. वळून पाहावं तर दार फटीएवढं उघडं आणि फटीत एक डोळा. ती लपत नाही, ओशाळत नाही. मी वळले की मात्र तिचा चेहरा पडतो, जणू चूक माझी झाली. बाजारात माझ्या शेजारून चालत नाही, चार पावलं मागून येते. मागे पाहायचं नाही, असं आता मीच स्वतःला बजावते.

पुरे झालं. नव्या वर्षाची वाट न पाहता तिला परत पाठवणार आहे. आठ एप्रिलची बस आहे.

बोंग

लियाँ, ३१ मार्च १९९४

ती. बोंगला सा. न. वि. वि.

पाठवू नकोस. तारही केली आहे; ती पोहोचली असेल तर हे पत्र नुसतं कारण सांगायला.

तुझं पत्र वाचून मी आईचा जुना फोटो उघडून पाहिला. जानेवारी पंचाहत्तरमध्ये आला होता, त्यानंतर घरून काही आलंच नाही. आई स्टुलावर बसली आहे. तिच्या मागे टेकडी राजवाड्याला चिकटलेली, आणि घुमट पाण्यात.

बाबांचा पडदा, बोंग. गावाकडून आलेल्या गिऱ्हाइकांना फोटोत मागे शहर हवं असायचं, आणि सगळ्या खुणा दिसल्याशिवाय ते पैसे द्यायचे नाहीत. म्हणून बाबांनी सगळं एका कापडावर कोंबलं होतं. तूच त्यांना म्हणायचीस की असा नकाशा वर्गात काढला असता तर उभं केलं असतं. आणि मधोमध मनोरा आहे. तो मी असताना नव्हता, आणि तू तेव्हा काम्पोतला शिकवत होतीस, परतलीस तोवर स्टुडिओ बंद झाला होता.

फोटो अल्बमला चिकटवलेला होता. ओडिलने किटलीच्या वाफेवर धरून सोडवला. मागे आईचं अक्षर आहे. विशीत वाचून विसरलो, याची लाज वाटते. जसंच्या तसं उतरवतो आहे. धाकटीने पडद्याला भोक पाडलं, मागे बसून गिऱ्हाइकं बघते. तुझे बाबा रागावले नाहीत. भोकाभोवती मनोरा रंगवला, भोकाची खिडकी केली आणि तिला सांगितलं की आता तू इथे राहायचं, पण दिवा चमकेपर्यंत हलायचं नाही.

मी खिडकीवर भिंग धरलं. आत डोळा आहे.

फोटो सोबत पाठवतो आहे. तिला दे. मला जास्त लिहवत नाही.

पोलिन

नॉम पेन, १७ एप्रिल १९९४

चि. पोलिन यास अ. उ. आ.

तार सातला पोहोचली. बसचं तिकीट मी परत केलं. पत्र आणि फोटो अकराला मिळाले.

फोटो तिच्यापुढे ठेवला. मनोऱ्यावर बोट ठेवून ती हसली, पण आईचा चेहरा तिला ओळखू आला नाही. दोनदा पाहिला आणि मान आडवी हलवली. मला वाटलं, संपलं.

मग ती म्हणाली की तुम्ही स्टुलावर बसा, तिकडे तोंड करून. मी बसले. ती बाहेर गेली आणि दार ओढून घेतलं, फटीएवढं ठेवून. पाठीवर नजर जाणवली. मी हलले नाही. श्वाससुद्धा रोखला, कारण ओळखण्याची तिची रीत तीच आहे, हे मला तोवर कळलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग दारामागून आवाज आला की अंबाडा बरोबर आहे, पण कंगवा नाही. पुढे म्हणाली की आईच्या अंबाड्यात शिंगाचा कंगवा तिरका असायचा, आणि त्याचा एक दात तुटलेला होता.

फोटो समोरून काढलेला आहे, पोलिन. कंगवा त्यात दिसत नाही. तो माझ्या पेटीच्या तळाशी आहे आणि मी तो कुणाला दाखवलेला नाही.

ती अजून फटीतून बघते. मी आता वळत नाही. काम करत राहते, आणि तिचं बघून झालं की ती आपणच आत येते.

पुलावर हात सुटल्याला आज एकोणीस वर्षं झाली. नीट नोंद असावी म्हणून पुढचं लिहून ठेवते, एक प्रत तुझ्याकडे राहू दे.

मालिस हिच्या हाती दिलं ते असं: आईचा शिंगाचा कंगवा, एक दात तुटलेला. बाबांच्या कॅमेऱ्याचं काळं कापड, कडेला जळलेलं. आईचा फोटो, मागच्या अक्षरांसह. घराची दुसरी किल्ली. घेणारीची सही खाली आहे. तिला हे नाव लिहिता येत नव्हतं. शिकायला चार दिवस लागले, आणि ते शिकवताना मी तिच्याकडे पाठ करून बसले होते.

मालिस