बारदानावरचं गाणं

भिलाई, कॅम्प एक
सप्टेंबर १९६२

प्रिय शालू,
सप्रेम जयभीम.

माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. लग्नानंतर आपण एकमेकींना एक ओळ लिहिली नाही. सकाळपासून लिहायला बसते आणि उठते. कधी चुलीपाशी, कधी नळावर, कधी नुसतीच दारापर्यंत. यांची पहिली पाळी आहे. ते घरी यायच्या आत हे पत्र डाकेत पडायला हवं, नाहीतर माझा धीर सुटेल.

इथं एक भट्टी पेटते तोवर दुसरीचा पाया खणतात. रूळ तयार होतात त्या मिलमध्ये हे फिटर आहेत. आणि आमचा जलसा आहे, तो तुझ्या कानावर आला असेलच. मी बारदान उसवून, जोडून, त्याला चुना-डिंकाचा हात देते आणि वर चित्रं काढते. गेरू, काजळी, आणि लोखंड गंजू नये म्हणून लावतात तो लाल रंग, डब्याच्या तळाशी उरलेला. दोन बांबूंना गुंडाळलेलं ते लांब चित्र मी उलगडत जायची आणि हे डफावर गात जायचे. भांडणंही खूप व्हायची. भट्टीच्या गाण्याला मी एकदा डोक्यावर गिट्टीचं घमेलं घेतलेली बाई काढली. हे चिडले. “माह्या गाण्यात बाई नाही.” मी म्हटलं, “भट्टीपाशी हाय ना? मंग गाण्यात कावून नाही?” त्या दिवशी जेवले नाहीत, पण बाईचं कडवं लिहूनच उठले. लोकांनी तेच कडवं पुन्हा म्हणायला लावलं.

मागच्या हिवाळ्यात यांच्या घशात गाठ झाली. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता अगदी जवळ बसलं तरच बोलणं ऐकू येतं. वैशाखात बुद्धजयंतीला आम्ही तसेच उभे राहिलो. हे डफ वाजवत होते, मी चित्र उलगडत होते. लोक थोडा वेळ पाहत राहिले, मग आपसात बोलायला लागले. हे डफ खाली ठेवून निघून गेले. पुढं शेजारच्या नरहरीला गायला बसवलं, तर त्याला अर्ध्यात थांबवून म्हणाले, “राहू दे, बापू.”

तरी लिहिणं थांबलेलं नाही. घमेलंवाल्या बायांवर नवं, मोठं गाणं झालंय. माझं चित्रही झालं असतं, पण त्यातल्या एका बाईचा चेहरा मी पुसते आणि पुन्हा काढते. कारण असं, की परवा मी रंग कालवत असताना हे बोटांनी पाटावर ठेका धरून नव्या गाण्याची चाल बसवत होते. एका जागी थांबले आणि म्हणाले, “हे शालूच्या गळ्यातलं हाय.” या घरात तुझं नाव पहिल्यांदा निघालं. मग चपला घालून बाहेर गेले. तेव्हापासून त्या बाईचा चेहरा तुझ्यासारखाच उतरतो.

शालू, साकोलीला तुझ्या बाबांच्या जलशात तू आणि हे गायचात, तेव्हा मी खाली सतरंजीवर बसलेली असायची. तुमचं जमणार, असं सगळेच धरून चालले होते. तुझ्या बाबांनी गोंदियाचा रेल्वेतला मुलगा पाहिला, आणि वर्षभरात देवीदास माझे झाले. यावर आपण तिघंही कधी बोललो नाही. आज मी बोलते. अशोक विजयादशमीला इथं मैदानात कार्यक्रम आहे. तू ये, आणि यांचं गाणं गा. तुझ्या मालकांना घेऊन ये, लेकरांना आण, आमच्याच क्वार्टरमध्ये उतरा. तुम्हाला दोघांना शेजारी उभं पाहणं मला सोपं जाणार नाही, हे मला माहीत आहे. तरी बांबू मीच फिरवीन. मी लिहिलंय हे यांना ठाऊक नाही. तुझं उत्तर आलं की सांगणार आहे. म्हणून ते एकट्या माझ्या नावानं नको, दोघांच्या नावानं टाक.

तुझीच,
कौशल्या