धाकटीची झडप

४ फेब्रुवारी
तात्या आज हट्टालाच पेटले. थोरली आणि धाकटी ही दोन्ही अंतराळयानं जोडणारे आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ, तीस वर्षांचा हात. "मॅडम, धाकटीची एक झडप कुरकुरतेय. उघडून बघू." चाचणीचे आकडे मर्यादेत होते. उड्डाण तोंडावर आलंय. उघडायची म्हणजे तीन आठवडे गेले! मी उड्डाणाच्या मंजुरीवर सही केली. ते हात पुसत निघून गेले.

२० मे
दोघी सुखरूप वर पोचल्या! थोरली आणि धाकटी — नावं तात्यांचीच. दोन दुर्बिणी, दोनशे मीटर अंतर राखून उडायचं, केसभरही ढळायचं नाही. दोघींचा प्रकाश एकत्र केला की जणू दोनशे मीटरचा एकच डोळा. हे जमलं तर पुढे पाच यानांचा ताफा, दूरच्या ताऱ्यांभोवती पृथ्वीसारखे ग्रह शोधायला. नाही जमलं तर काहीच नाही.

२ जून
उजेड-अंधाराचे पट्टे दिसले! एकाच ताऱ्याचा दोघींनी टिपलेला प्रकाश एकमेकांत मिसळला — सतरा सेकंद! सर, आमचे प्रकल्पप्रमुख, सगळ्यांदेखत रडले.

३ जून
धाकटी सरकतेय.

६ जून
तीच झडप. मिटतच नाही. जागा धरून ठेवायला लागणारा होता नव्हता तो वायू गेला. आता ती नुसती लांब लांब जातेय. थोरली ठणठणीत. एकटीचा काय उपयोग!

१९ जून
चौकशी समिती बसली. सरांनी खोलीत बोलावलं. "जोडणीतला दोष म्हणू. तात्या निवृत्त झालेच आहेत, त्यांना काय फरक पडतो? ताफा वाचवायचा तर तू हवीस." मी होकाराची मान हलवली. कशी हलली, देव जाणे.

२३ जून
 शेवटी नवऱ्याला सांगितलं. म्हणाला, "मग तोंड कधी उघडणार? त्यांचं नाव अहवालात छापून आल्यावर?"

२४ जून
तात्यांकडे गेले. दारातच सांगून टाकलं — उद्या समितीला खरं ते सांगणार. ते मग म्हणाले, "आणि पाच यानं कोण उडवणार?"
"कोणीतरी उडवेल."
"कोणीतरी!" एवढंच. चहा मात्र स्वतः केला.

२५ जून
सगळं सांगितलं. तात्यांनी बजावलं होतं, मी ऐकलं नाही. अध्यक्षांनी एक कागद पुढे सरकवला. तात्या सकाळीच देऊन गेले होते. 'झडपेबद्दल मी मॅडमना काहीही बोललो नव्हतो. चूक माझी.'
"तुम्ही त्यांना पाठीशी घालताय," अध्यक्ष म्हणाले. "मोठं मन आहे तुमचं."