जाळीआडचं वादळ

२ मार्च १७३१, व्हेनिस
वादळ गेलं! मास्तरांनी सगळ्या मुलींसमोर ते मेनेगिनाला देऊन टाकलं. इतकी वर्षं 'समुद्रातलं वादळ' ही रचना म्हटली की माझंच व्हायोलिन. आता म्हणे, "ओर्सोला, वीज पाडायला विशीतला हात लागतो. तू मागे बसून लाटा वाजव." लाटा! तेच तेच सूर, दळण दळल्यासारखे.

आणि हिला गज धरायला शिकवलं कुणी? मीच.

९ मार्च
वीज तिला जमते, कबूल. पण वादळाआधी वारा पडतो, खाडीचं पाणी थिजतं – ती शांतता? तिथे नुसती घाई! तिला सांगितलं नाही. का सांगू?

२५ मार्च
ईस्टर. आम्ही नेहमीसारख्या देवळाच्या सज्जात, जाळीआड. बाहेरच्यांना सावल्याच दिसणार. देवळात टाळ्या वाजवायच्या नाहीत, म्हणून लोक खोकतात, नाकं शिंकरतात, खुर्च्या घासतात. मेनेगिनाच्या वादळानंतर अख्ख्या व्हेनिसला पडसं! माझ्या लाटा कुणाच्या कानातही गेल्या नसतील.

१४ एप्रिल
मेनेगिना लग्न करून गेली. दोरखंडवाल्याच्या घरी. या अनाथगृहातून लग्न करून जायचं तर शपथ घ्यावी लागते – पुन्हा चारचौघांत वाजवणार नाही. घेतली तिनं. व्हायोलिन इथलंच, तेही ठेवून गेली.

वादळ परत माझं. आनंद झाला, खोटं कशाला लिहू?

३ मे
स्वर्गारोहणाचा सण. सकाळी व्हेनिसचे प्रमुख दोजेसाहेब समुद्रात अंगठी टाकून त्याच्याशी लग्न लावून आले. संध्याकाळी मी त्याच समुद्रात वादळ उठवलं. शांतता अशी धरली की मागच्या मुलींचे श्वास ऐकू आले. मग वीज. जन्मात असं वाजवलं नव्हतं!

खोकल्यांची एकच दाटी. आणि बाहेरून कुणीतरी – "वाहवा, मेनेगिना!"

एका परदेशी पाहुण्यानं साखरेचे बदाम पाठवले. मेनेगिनासाठी. मास्तर हसले, "घे गं. जाळीआड कोण आहे, कुणाला कळतंय?" सगळे मीच खाल्ले, रागारागानं.

६ मे
मेनेगिना भेटीला आली. जाळीपलीकडे नवऱ्याशेजारी उभी. म्हणाली, "बाई, सणाच्या दिवशी देवळात लोक माझं नाव घेत होते, पण मी त्या शांततेतच तुम्हाला ओळखलं. मला ती कधी जमलीच नाही. एकदा सांगा ना – नुसती तोंडी."

जाळीतून बोटं आत सरकवली तिनं. धरली मी. तारांचे घट्टे जात चाललेत. लोण्यासारखी मऊ पडलीत बोटं.

आता जळू कुणावर?