गळ्याचं माप

४ मार्च

मालकांनी आज सगळ्यांसमोर सांगितलं — अग्निशमन दलाच्या संचलनाचे कोट आपल्या कारखान्याला मिळाले, आणि ते बेतणार मास्तरीणबाई! मास्तरीणबाई म्हणजे मी. दुसरं कोण बेतणार? उभी कडक कॉलर, दुहेरी बटणपट्टी, खांद्यावर एक सुरकुती चालायची नाही. असा कोट खडूच्या रेघेपासून कात्रीच्या टोकापर्यंत एकहाती कापणारी इथे मी एकटी आहे. माझ्याच वहीत लिहायला कसली लाज!

बटणताई म्हणाली, "फार फुगू नकोस, शिवण उसवेल." ती बटणं लावते आणि सोबत टोमणेही लावते. मी म्हटलं, फुगण्यासारखं आहे म्हणून फुगते.

थोडी फुगले आहेच म्हणा. अंगावरच्या कामाच्या कोटाची कॉलर काचत होती. दुपारच्या सुट्टीत उसवली, शिवणीत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाचा दाब सोडला, पुन्हा शिवली. सगळ्यांची जेवणं व्हायच्या आत काम खलास. आता मस्त बसते.

११ मार्च

बाबा मला भिंगरी म्हणायचे आणि आईला गोगलगाय. मी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून घर डोक्यावर घ्यायचे. आई दुपारी भाजी निवडता निवडता पेंगायची. ऐन उन्हाळ्यात कोट घालून बसायची. एक कोट शिवायला तिला महिना लागायचा — शिवायची मात्र सुरेख. पाहुणे आले की गोगलगायीच्या गमती निघायच्या, आईही त्यात हसायची. मी तेव्हाच ठरवलं होतं, मी बाबांवर जाणार.

हे आज आठवलं, कारण काल घरी आल्यावर एक बूट काढला आणि दुसरा काढता काढता खुर्चीतच झोपले. हे म्हणाले, "सासूबाईंवर गेलीस की काय!"

नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! रात्रीची भांडी मुद्दाम मी एकटीने घासली.

२६ मार्च

खिडक्या बंद करा म्हटलं तर सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. त्यांना घाम आला होता.

३ एप्रिल

बोटांना मुंग्या येतात. कात्री धरली की अंगठा आणि दोन बोटं बधिर. हात झटकला की जरा बरं वाटतं. आवाज बसलाय — मालकांनी फोनवर विचारलं, "कोण बोलतंय?" केस कंगव्यात राहतात, डोक्यावर कमी. चाळिशी उलटली की हे व्हायचंच, त्यात काय मोठंसं.

कॉलर पुन्हा घट्ट! या वेळी सोडायला दाबच उरला नव्हता. मग आतून एक बारीकशी पट्टी जोडली. कापडाचे धागे असे जुळवले की बाहेरून कुणाच्या बापाला कळणार नाही. बटणताईला दाखवलं, तिलासुद्धा जोड सापडला नाही. आहे की नाही हात!

१७ एप्रिल

काय लिहू.

कोटाचं कापड थरावर थर मांडून एकदम कापायचं असतं. समोरचा एक भाग डावा, एक उजवा; कापडाची सुलट बाजू एकच, तोच भाग पालथा घालून चालत नाही. डावे कापून झाले की नमुन्याचा कागद उलटा ठेवायचा आणि उजवे कापायचे. शिकाऊ पोरीला पहिल्या आठवड्यात सांगतात हे. मी सांगते त्यांना!

आज मी कागद उलटा केलाच नाही. सगळे डावे. दोन्ही चळती डाव्या. एकाही माणसाला उजवी बाजू नाही.

उलटा केल्याचं मला आठवत होतं. अजूनही आठवतंय! पण कापड समोर पडलंय आणि ते खोटं बोलत नाही.

१८ एप्रिल

सकाळी मालक यायच्या आधी कापलेले सगळे भाग टेबलावर पसरून ठेवले आणि बाजूला उभी राहिले. लपवणं माझ्या स्वभावात नाही.

मालकांनी एक भाग उचलला, मग दुसरा, एकमेकांवर ठेवून पाहिला. मी कान ओरडा ऐकायला तयार ठेवले होते. ते म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर ओरडलो असतो. तुमच्या हातून झालंय, म्हणजे तुम्ही आजारी आहात. डॉक्टरकडे जा."

आयुष्यात एवढी मोठी शाबासकी मला कुणी दिली नव्हती. मिळाली ती कधी, तर सगळं कापड वाया घालवल्यावर!

पुढचं मात्र झोंबलं. "बरं वाटेपर्यंत कात्रीला हात लावायचा नाही. जुलै संपेपर्यंत थांबतो. तोवर हात परत आला तर कोट तुमचे. नाही तर टेबलावर बाहेरचा मास्तर आणावा लागेल." बाहेरचा! माझ्या टेबलावर! घरी जाऊन रडले. यांना सांगितलं कांदा चिरत होते. चिरलेला कांदा कुठेच नव्हता.

२२ एप्रिल

डॉक्टरीणबाई वयाने लहान, हात गरम. मला तेवढंच आधी आवडलं. पाठीमागे उभं राहून त्यांनी माझा गळा चाचपला. "एक घोट पाणी प्या." प्याले. "सूज कधीपासून आहे?"

कसली सूज? मी म्हटलं, नाही हो, सूज वगैरे काही नाही.

"गळ्याभोवती काही घट्ट होत नव्हतं?"

मग सांगितलं. दाब सोडला, मग पट्टी जोडली. त्यांनी कॉलर उलटून पाहिली आणि हसल्या. "काम सुंदर आहे. पण तुम्ही कोट बरा करत बसलात, गळा तसाच राहिला."

खरंच की. माप बसेना, तर आम्ही कापडाला हात घालतो. शिंप्याला माणूस कधी चुकलेला दिसतच नाही, चूक कायम कापडाची.

"घरात कुणाला थायरॉइडचा त्रास?" मी ठणकावून सांगितलं, आमच्या घरात कुणाला कसलाही आजार नाही.

२५ एप्रिल

रिपोर्ट. थायरॉइडची ग्रंथी दमली आहे. शरीराचा शेगडीसारखा जो जाळ असतो तो ती सांभाळते म्हणे, आणि माझा मंद झालाय. म्हणून थंडी, म्हणून झोप, म्हणून बोटं बधिर, केस, आवाज, जडपणा, डोक्यातलं धुकं. रक्त कमी, कोलेस्टेरॉल जास्त. सगळे एकाच घरचे पाहुणे! रोज पहाटे रिकाम्या पोटी एक गोळी, पुढचा अर्धा-पाऊण तास पोटात पाण्याशिवाय काही नाही. बहुतेक कायमची.

कायमची हा शब्द ऐकून बराच वेळ राग आला. मग मनात आलं, चष्माही कायमचाच आहे. त्याच्यावर कुठे रागावले?

९ मे

गोळी घेतली. चहाला अजून वेळ आहे म्हणून लिहितेय. ही वेळ माझी झाली आहे. हे बिचारे चहाचं भांडं घेऊन माझ्यासाठी थांबतात — मी म्हटलं तुम्ही प्या, तर म्हणतात, "वास घेत बसशील, मला पचायचा नाही."

डॉक्टरीणबाईंनी कान उपटले. मी रक्तवाढीची लोहाची गोळी आणि ही गोळी एकाच घोटात घेत होते — एका फेरीत दोन कामं, भिंगरीची सवय! दोघींत चांगलं चार तासांचं अंतर हवं, नाही तर एक दुसरीला अंगाला लागू देत नाही. जावाच म्हणायच्या.

३० मे

काही फरक नाही. कारखान्यात बसून दोरे तोडते, लेबलं लावते. बटणताई आज एकही टोमणा मारत नव्हती. तेच फार लागलं.

१६ जून

आज जिना चढून वर आले आणि वर आल्यावर लक्षात आलं की मधे थांबलेच नाही.

२ जुलै

घरी वर्तमानपत्रावर कात्री चालवून पाहते. आधी सरळ रेघ, मग काखेची गोलाई. मुंग्या गेल्या नाहीत, पण कमी आहेत. आज कागदातून कॉलर कापली आणि दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवली — तंतोतंत! हे पेपर शोधत होते. म्हटलं, वाचा, कॉलरच्या आकाराचा आहे.

२१ जुलै

मालकांनी कात्री हातात दिली. माझीच, पण धार लावून आणली होती. मी थर मांडले. डावे कापले. नमुना उलटा केला. मग उलट्या बाजूवर खडूने मोठा उ काढला. पूर्वी असली खूण करणाऱ्यांना मी हसायचे. आता खूण केल्याशिवाय कात्री उघडत नाही. सावकाश कापते. सावकाश कापूनही संध्याकाळी माझी चळत सगळ्यात नीट होती.

बटणताई मागून म्हणाली, "फुगलीस का पुन्हा?" जीव भांड्यात पडला. सगळं जागेवर आलं.

१४ सप्टेंबर

संचलन पाहिलं! हे आणि मी रस्त्याच्या कडेला अगदी पुढे उभे होतो. ओळीच्या ओळी निघाल्या, बटणं चकाकत होती, आणि सगळ्या माना अशा ताठ की काय सांगू. शेजारची एक बाई म्हणाली, "किती रुबाबदार आहेत हो ही माणसं!" मी म्हटलं, "माणसं असतीलही. मान वाकणार नाही ती मात्र माझ्या कॉलरमुळे." यांनी माझा हात दाबला. मला वाटलं गप्प कर म्हणून. तसं नव्हतं, त्यांचेच डोळे भरले होते.

मला माझा अभिमान वाटतो. लिहून ठेवते, पुढे कधी पुन्हा झोप यायला लागली तर वाचायला होईल.

५ नोव्हेंबर

दादाकडे आईला भेटायला गेले होते. आई नेहमीसारखी खिडकीपाशी, अंगात तोच कोट, तिने स्वतः शिवलेला, माझ्या शाळेच्या वेळचा. अस्तर पार विरलंय. दादा म्हणाला, "तू घेऊन जा, गोगलगायीला नवीन शंख करून आण." सगळे हसलो. मीही हसले. आई म्हणाली, "घाई नको गं, तुला कामं असतात." तोवर अंगावर घ्यायला तिला माझी शाल दिली.

८ नोव्हेंबर

सुट्टी. गोळी, मग चहा, मग आईचा कोट टेबलावर घेतला. अस्तर उसवलं.

अस्तर एक नाही, तीन. एकाच्या आत एक. एवढी थंडी वाजत होती तिला?

बटणं वरवरची, शोभेची. त्यांच्या आड मोठाले हुक शिवलेत. बधिर बोटांना बारीक काजात बटण सारता येत नाही. हे मला कसं कळलं असतं, मागच्या उन्हाळ्यापर्यंत?

मग कॉलर. आतल्या बाजूला जुन्या सुईची भोकं दिसली. एक ओळ. तिच्या खाली दुसरी. मग तिसरी. दाब तीनदा सोडलाय. आणि शेवटी एक बारीक पट्टी जोडलीय, धागे असे जुळवलेत की उजेडात धरल्याशिवाय जोड सापडेना. मलासुद्धा!

माझ्या कोटात मी जोडली होती अगदी तशीच.

हातातलं काम खाली ठेवलं. यांनी विचारलं काय झालं. मी कॉलर उजेडात धरून दाखवली.

९ नोव्हेंबर

कारखान्यातून सुट्टी मागून घेतली, सरळ दादाकडे. आईला म्हटलं, "आई, ही कॉलर तू सैल करत आलीस ना?"

ती लाजली. "घट्ट व्हायची गं. बाईचं अंग सुटलं की गळाही सुटतो."

"मग डॉक्टरला का नाही दाखवलंस?"

"काय सांगू डॉक्टरला? कॉलर घट्ट होते म्हणून? ते म्हणाले असते, शिंप्याकडे जा. शिंपी तर मीच!"

असं हसली! मी टेप काढली आणि तिच्या गळ्याचं माप घेतलं. तिचं हे माप आजवर कुणीच घेतलं नव्हतं. उद्या डॉक्टरीणबाईंकडे नेते आहे. दादा म्हणाला, "या वयात कशाला? ती पहिल्यापासून अशीच आहे." मी म्हटलं, "म्हणूनच."

१४ नोव्हेंबर

आईचा रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, किती वर्षांचं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण जुनं आहे, फार जुनं. हृदयाला जपून अगदी लहान गोळीने सुरुवात करू. इतकी वर्षं या अंगाने घर चालवलं, मुलं वाढवली, शिवण केली, कशी केली ते आईंनाच माहीत, असंही म्हणाल्या. दादा खाली मान घालून बसला होता.

जिन्यात आल्यावर कठडा सोडून आईने माझा हात धरला, थांबली, आणि मला हळूच विचारलं, "म्हणजे गं, मी आळशी नव्हते?"