वरून दुसरी पायरी

वर्दिंग,
१२ नोव्हेंबर १९७३

प्रिय विल्फ,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. मी बरा आहे, समुद्रावरचा वारा तेवढा हाडं खातो. तुझ्या एडनाचा खोकला थांबला का?

लंडनला आपले चार सिनेमे पुन्हा दाखवणार आहेत, आणि शेवटी आपल्या दोघांना मंचावर बसवणार, हे तुलाही कळलंच आहे. त्यांना शिडीचा प्रसंग हवाय. तिथल्या आयोजक बाईंनी फोनवर विचारलं, "इतकं खरं पडणं कसं जमवलंत हो तुम्ही?" एकोणीस वर्षं सांगतोय तेच सांगितलं, "सगळी विल्फची कमाल!"

माझी रीत तुला पाठ आहे. विनोद झाला तरी लगेच कट म्हणायचं नाही, मनात दहा मोजायचे. पडण्यापेक्षा पडून झाल्यावरच्या चेहऱ्याला लोक जास्त हसतात. या दहा आकड्यांवर समीक्षकांनी लेख लिहिले. तू मात्र म्हणायचास, "डेस्मंड, तू मेलास ना, की आम्हीही दहा मोजू, मगच रडू."

आता तुझ्या पत्राबद्दल. तुला म्हणे मंचावरून सगळ्यांची माफी मागायचीय. तुझं पाऊल चुकलं, कंबर मोडली, सहा आठवडे काम रखडलं, म्हणून. ती ओळ वाचली आणि हातातला चहा तसाच राहिला.

विल्फ, तुझं पाऊल चुकलं नव्हतं.

तालमीत तू पडायच्या आधीच पडणार असल्यासारखा दिसायचास. मला ते खटकत होतं. तुम्ही सगळे जेवायला गेलात तेव्हा मी होरेस सुताराकडून शिडीची वरून दुसरी पायरी अर्धी कापून घेतली. खाली गादी होती, पण तू तिच्या पलीकडे पडलास. तुझी किंकाळी खरी आहे, हे मला दुसऱ्या आकड्यालाच कळलं. तरी मी दहा मोजले. लोक सगळ्यात जास्त हसतात ते सहाव्याला.

इस्पितळात तू म्हणालास, "माफ कर रे, तुझा सिनेमा बुडवला मी." मी तुझा हात थोपटला आणि गप्प बसलो. त्या सिनेमानंतर तू एकाही सिनेमात दिसला नाहीस. मी अकरा केले. मला माझी लाज वाटते.

आलास तर माफी मागू नकोस, आधी मी बोलेन. नाही आलास तरी हेच बोलणार आहे.

होरेसला मात्र बोल लावू नकोस. "साहेब, नक्की ना?" असं त्याने दोनदा विचारलं होतं.

डेस्मंड