अम्मीची मांडी

पनवेल,
ऑक्टोबर २०१९

प्रिय फरहा,

सलाम. तुझा फोन आला तेव्हा मी ‘बघून सांगते’ म्हणून वेळ मारून नेली. डिसेंबरात येताना दाऊदची गाडीतली सीट आणू का, आपल्याकडे तसा कायदा आहे का, एवढंच तू विचारलं होतंस. तिकडे शारजाला तुम्ही त्याला सीटशिवाय गाडीत घेतच नाही. लहानपणी रिक्षात मध्ये बसायचं नाही म्हणून भोकाड पसरणारी तू, आता पट्ट्यांचे नियम शिकवतेस. हसू आलं मला.

कायदा आता झालाय. शहजादनी परवा पेपरातून वाचून दाखवला. मुलाला पट्टा हवा नाहीतर त्याची वेगळी सीट, नाहीतर दंड. पण आपल्या मोहल्ल्यात अशी सीट मी एकाही गाडीत पाहिलेली नाही. इथे बाळ बसतं नानीच्या मांडीवर आणि नानी बसते पुढे, कारण पुढची जागा मानाची.

माझी यूम्नाही तशीच बसली होती. नेऱ्याहून दावत आटोपून आम्ही परतत होतो. पनवेलच्या नाक्यावर पोलीस पुढच्यांचे पट्टे तपासायचे आणि शहजाद तर नियमाला घाबरणारा माणूस. त्याने अम्मीचा पट्टा ओढून मांडीवरच्या यूम्नालाही त्यातच घेतलं आणि म्हणाला, आता दोघी पक्क्या. मागच्या सीटवर मलाही बरं वाटलं. मग पुढच्या टेम्पोने एकदम ब्रेक मारला. आमची गाडी त्यावर आदळली, फार जोरातही नाही. अम्मीला खरचटलंसुद्धा नाही.

तुला आम्ही सांगितलं की यूम्ना डोक्याला मार लागून गेली. ते खरं नव्हतं. डॉक्टरांनी शहजादला आणि मला, आम्हा आईबापांना, बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या माणसाचं सगळं वजन पुढे येतं आणि पट्टा आणि ते अंग यांच्यामध्ये मूल चिरडतं. अम्मीला हे कुणीच सांगितलं नाही. अल्लाची मर्जी, एवढंच सगळे म्हणाले. तीही तेच म्हणते, आणि वर म्हणते की मी शेवटपर्यंत तिला सोडलं नाही. त्या एका वाक्यावर ती जगतेय, फरहा.

त्यानंतर ती गाडीत बसलेली नाही. बाजारात चालत जाते, उरणच्या लग्नालाही गेली नाही. आता दाऊद येणार म्हटल्यावर एअरपोर्टला मी येणार म्हणून हटून बसलीय. जुन्या दुपट्ट्यांची गोधडी शिवलीय, मांडीवर अंथरायला. पेपरातली बातमी ऐकून तिने शहजादला विचारलं, “खुर्ची कशाला? माझी मांडी आहे की.” तो म्हणाला, आता कायदाच आहे, मांडीवर धोका असतो. ती म्हणाली, “मग आपल्या यूम्नाला का नव्हती?” शहजाद उठून बाहेर गेला. मी भांडी घासत राहिले.

फोनवर हे बोलता येत नाही. तुझा फोन आला की ती स्पीकर लावून शेजारी बसते, म्हणून लिहितेय. मी खूप विचार केला. तू सीट आणलीस तर दाऊदला त्यात बसवताना ती बघेल आणि तिला सगळं कळेल. नाही आणलीस तर तो तिच्या मांडीवर बसेल, आणि ते मी पुन्हा बघू शकत नाही. एअरपोर्टवर टाळलं तरी घरी आल्यावर दावती आहेत, दर्गा आहे. कुठेकुठे टाळशील?

तेव्हा या सुट्टीत तू येऊ नकोस. फुजैलला रजा मिळाली नाही असं सांग. पुढच्या वर्षी काय, हे मला विचारू नकोस, मलाच ठाऊक नाही. अम्मी तुझ्यावर रुसेल, फोन घेणार नाही. तुझ्या बाळाला मला छातीशी धरायचं होतं गं, फार. गोधडी मी तिच्या नकळत कपाटात ठेवून देईन.

तुझीच,
आसिया आपा